बिननाकाच्या बाहुल्या

परवा पुण्याहून एक पोरगी आली होती. खांद्याला झोळी, हातात मोबाइल. तो माझ्या तोंडासमोर धरून विचारते, "आबा, रजनीताईंच्या कामावर कुणाचा प्रभाव होता?"

मी म्हटलं, "माझ्या बायकोचा."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग तिनं जपान काढलं, अमेरिका काढली, कुठल्या कुठल्या शैली सांगितल्या. मी मान हलवत बसलो. चहा केला, तो तिनं अर्धा टाकला, कारण तिची गाडी होती. जाताना म्हणाली, "ताईंचा आत्ताचा पत्ता मिळेल का?" नाही म्हटलं. पत्ता आहे माझ्याकडं. दिला नाही.

ती गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं. आता या घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. म्हणून म्हटलं, तिला सांगायचं राहिलं ते लिहून काढू. मी सातवी शिकलेला माणूस. जन्म ट्रकवर गेला, धुळे-सुरत आणि धुळे-इंदूर. लिहिण्यात चुका होतील, खोटं होणार नाही.

रजनी आमच्या धुळ्यात, देवपुरातल्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं आली तेव्हा माझी बायको सुमन अजून होती. सामान म्हणजे एक ट्रंक, एक गादी आणि शाडूच्या मातीची पोती. सुमननं जिन्यातच तिला अडवली.

"लगीन व्हयेल शे का?"

"साखरपुडा झाला होता. मी मोडला."

"काबर?"

"शिकायचं होतं अक्का. मूर्तीकाम. अण्णा म्हणाले, मातीशीच खेळायचं तर या घरात पाय ठेवू नको."

अण्णा म्हणजे तिचे वडील. मुक्ताईनगरकडचे केळीवाले. गावाचं नाव लिहीत नाही. ती असं सरळ बोलून गेली, की सुमनला पुढं विचारायला काही उरलंच नाही. ती नुसती म्हणाली, "जेवाले ये." तिथून पुढं रजनी आमच्या ताटाशी जेवली.

तिचं काम काय, हे समजायला मला वर्ष लागलं. वीतभर उंचीची बाहुली. लहान मुलांनी खेळायची नाही. मोठी, शिकली-सवरली माणसं ती विकत घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. आधी मातीची एक घडवायची, तिचा रबरी साचा घ्यायचा, त्यात रेझिन नावाचं पातळ प्लास्टिक ओतून थोड्याच काढायच्या, रंगवायच्या, मग साचा कापून टाकायचा. कुणाकडं आहे आणि कुणाकडं नाही, यातच त्या लोकांची मजा. डोकं हे एवढं, अंग भरताच्या वांग्यासारखं.

सुमन म्हणाली, "खेळानी नही, पूजानी नही, मंग कसाले करस वं?"

"बघायला, अक्का."

"बघाले माणसं काय कमी शेतस का?"

रजनी त्यावर बराच वेळ हसली. पण खरं सांगू, ती माणसंच बघायची. तेही मागून. तिचं म्हणणं, चेहरा खोटं बोलतो, पाठ बोलत नाही. बाजारात गेली की भाजी राहायची बाजूला, ही कुणाच्या तरी मागं मागं. एकदा भरताची वांगी विकणारी एक जाड बाई पाटी डोक्यावर घेऊन निघाली. ही तिच्या मागं, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईनं पाटी खाली ठेवली आणि हिचं मनगट धरलं. "काय वं, काबर मांगे मांगे फिरस? पाकीट मारस का?" लोक जमले. मी मध्ये पडलो. रजनी काय म्हणते, "मावशी, तुमची चाल फार चांगली आहे." बाई लाजली. खरंच लाजली. पाटीतलं एक वांगं काढून हिच्या हातात दिलं. रजनीनं त्याचं भरीत करू दिलं नाही. खिडकीत ठेवलं, सुकून सुरकुतलं तरी ठेवलं. तुम्ही म्हणता ना, बाहुल्यांचं अंग असं का? त्या बाईमुळं, आणि त्या वांग्यामुळं.

हातही तिचे कधी रिकामे नसत. जेवताना कणकेचा गोळा मिळाला तर त्याचं डोकं करायची. घरातल्या प्रत्येक दिव्याच्या बटणावर तिचा मातीचा अंगठा. सुमन पुसायची आणि शिव्या द्यायची. आता वरच्या खोलीच्या बटणावर एक राहिलाय. मी पुसत नाही.

डोळ्यांचं सांगतो. माझ्या ट्रकच्या मागं नजर लागू नये म्हणून पत्र्याचा एक काळा राक्षस लावलेला होता, जीभ बाहेर, शिंगं लाल. ट्रक विकला तेव्हा तेवढा काढून घेतला. तो मोरीच्या दाराला लटकायचा. रजनी त्याच्यासमोर उभी राहिली ती उभीच राहिली.

"आबा, हा घाबरवत नाहीय. हाच घाबरलाय. डोळे बघा."

मी बघितले. गोल, पांढरे, आणि आतलं बुबुळ एका कडेला गेलेलं. खरंच घाबरलेला. हा माझ्या पाठीमागं सगळा जन्म हिंडला आणि मी त्याला कधी बघितलाच नाही. कसा बघणार? मी पुढं, तो मागं. रजनीनं तो वर नेला. त्यानंतरच्या सगळ्या बाहुल्यांना तेच डोळे.

आणि नाक. त्या पुण्याच्या पोरीनं नाकाविषयी पुष्कळ विचारलं. बाहुल्यांना नाक नाही, यावर म्हणे लोकांनी लिहिलंय. बाईला श्वास घेऊ न देणारा समाज, वगैरे. असेल समाज. पण नाक गेलं ते पांझरा नदीत.

आमच्याकडं भादव्याच्या पुनवेला पोरी मातीची गुलाबाई बसवतात. महिनाभर संध्याकाळी गाणी म्हणतात, झाकलेला डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखतात, आणि कोजागिरीला गुलाबाई नदीत सोडतात. आम्हाला एकच मुलगा, तो सुरतेला. पोरगी नाही, म्हणून आमच्या घरात गुलाबाई कधी बसली नव्हती. सुमनला ते फार लागायचं. तर एका वर्षी रजनी महिनाभर मुंबईला गेली, साचा घेण्याचं काही नवं शिकायला. पहिली मोठी बाहुली मातीत घडवून वर वाळत ठेवली होती. जाताना म्हणाली, "अक्का, हिच्याकडं लक्ष ठेवा."

देवासारखी बसलेली मातीची बाई, वर भादवा. लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे सुमनला एकाच तऱ्हेनं ठाऊक. तिनं ती खाली आणली, पाटावर बसवली, हळदकुंकू लावलं. गल्लीतल्या पोरी यायला लागल्या. मी म्हटलं, "अगं, तिची कामाची वस्तू आहे ती." तर म्हणे, "घरमा पोर नही म्हनीसन गुलाबाई बसाडानी नही का?" महिनाभर घरात गाणी. खाऊ ओळखायच्या वेळी सुमन डबा असा हलवायची, की पोरींना कळूच नये. मी एवढी वर्षं तिचा नवरा, मला ठाऊक नव्हतं की ही असा आवाज करून हसते.

रजनी परतली ती कोजागिरीलाच. पिशवी खांद्यावर, आणि वर जाऊन बघते तर बाहुली नाही. सुमन आनंदानं म्हणाली, "आत्तेच सोडी उनूत नदीमा. भलती चांगली गेली वं." पोरगी पिशवी टाकून पळाली. मागून मी, माझ्या मागं सुमन, तिला अजून काही कळलेलं नाही. पांझरेला गुडघाभर पाणी. फुलं, दिवे, दहा गल्ल्यांच्या गुलाबाया. रजनी सलवारीसकट आत शिरली आणि हातानं चाचपत तिची बाई काढली. कच्ची माती ती. नाक गेलेलं, ओठ गेलेले, खांदे उतरून गोल झालेले.

सुमन काठावर रडायला लागली. "मी काय करी बठनू माय..."

रजनी पाण्यात उभी. बाहुली दोन्ही हातांवर, तान्ह्या पोरासारखी. तिनं ती उजेडाकडं फिरवली, या बाजूनं, त्या बाजूनं. मग म्हणाली, "गप्प बसा अक्का. बघा तरी. नाक गेलं आणि बाई आली."

आम्हाला काय दिसणार? पण तिनं परत नाक लावलं नाही. त्याच बाईचा साचा घेतला. तीच पहिली विकली गेली.

आता तिच्या वडिलांचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके, आमरस, सांजोऱ्या. ज्या घरी लेक येत नाही, त्या घरी आखाजी नाही. रजनी पहिल्या वर्षी आखाजीच्या आठ दिवस आधी एक बाहुली कापसात गुंडाळून खोक्यात घालत होती. वर अण्णांचं नाव लिहिलेलं.

सुमननं विचारलं, "तू नही जास का?"

"मला बोलावलंय कुठं? ही जाईल माझ्याऐवजी."

दर वर्षी तेच. एक नवी बाहुली, आखाजीच्या आधी, वडिलांच्या नावानं. आखाजीच्या दिवशी सुमन मुद्दाम सांजोऱ्या करायची. रजनी जेवायला बसली की फोन ताटाशेजारी, तोंड वर करून. वडिलांनी एकदा म्हणावं, चांगलं केलंस. नाही तर म्हणावं, ये. एवढंच तिला हवं होतं. परदेशातून कुणी कौतुकाचं लिहिलं तर ती वाचायची आणि भांडी घासायला उठायची. पण आखाजीला फोन वाजला की घास हातात थांबायचा. गॅसवाला असायचा, नाही तर माझा मुलगा. ताट संपेपर्यंत अण्णांचा फोन काही यायचा नाही. मग ती फोन उपडा घालायची.

"मिळालं तरी असेल ना त्यांना?" मी एकदा विचारलं.

"मिळतं. परत येत नाही ना? म्हणजे मिळतं." मग म्हणाली, "चुलीत घालत असतील. रेझिन जळताना वास फार येतो आबा. वहिनी ओरडत असेल."

सुमन गेली. त्याचं लिहीत नाही. तापानं गेली, चार दिवसांत. मुलगा आला, म्हणाला सुरतेला चला. मी नाही गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मी काय करू? मग घरात मी खाली, रजनी वर. संध्याकाळी ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चहा घेऊन बसायची. मी दारात. बोलणं फारसं नाही. गल्लीतले बोलले काहीबाही. बोलू देत.

महिन्या-दोन महिन्यांनी वर पाण्याची टाकी बघायला गेलो, तर फळीवर बाहुल्या ओळीनं वाळत होत्या. नाक नाही. तोंड नाही. राक्षसाचे डोळे. एक हात कमरेवर, मान थोडी उजवीकडं, जणू म्हणतेय, 'या, झालं का गाव हिंडून?' दहा-बारा सुमन. रजनी कोपऱ्यात ब्रश धुवायचा थांबून माझ्याकडं बघत होती.

मी काय बोललो? मी म्हटलं, "पदर चुकलाय. ती डावीकडं खोचायची."

"रोज?"

"रोज. उजव्या बाजूला किल्ल्या."

तिनं सगळ्या मोडल्या. नवा साचा घेतला, पदर डावीकडं, किल्ल्या उजवीकडं. त्या सगळ्या गेल्या, बघता बघता. कुठं गेल्या विचारलं तर गावांची नावं सांगितली, काही मला उच्चारता येत नाहीत. माझी बायको जन्मात इंदूरच्या पुढं गेली नाही. आता कुणाकुणाच्या काचेच्या कपाटात उभी आहे, कमरेवर हात ठेवून, कुणाला तरी रागावतेय आणि त्यांना ते माहीत नाही. एक कोपरात मोडलेली माझ्याकडं आहे. एक रजनीनं त्या आखाजीला अण्णांना पाठवली.

पुढची आखाजी तोंडावर होती तेव्हा तिच्या भावाचा फोन आला. अण्णा गेले.

तिच्यासोबत जायला दुसरं होतं कोण? मी निघालो. धुळे-जळगाव, तिथून पुढं मुक्ताईनगरची गाडी. त्या वर्षीचं खोकं बांधून तयार होतं, ते तिच्या मांडीवर. मी म्हटलं, "ते कशाला आणलंस?" ती म्हणाली, "माहीत नाही."

पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. थांबले नव्हते. भाऊ अंगणात मुंडण करून बसलेला. उठला नाही, पण म्हणाला, "ये. पाणी पी." घरात शिरल्यावर तिचे डोळे वर गेले. माळ्यावर खोकी रचलेली. तिचीच, तिच्याच अक्षरातली. वहिनीनं त्यात कुरडया भरल्या होत्या.

"वहिनी, ह्यांच्यातलं काय केलं?"

"मले काय माहीत बाई? खोकं आलं की अण्णा शेतात घेऊन जायेत. रिकामं घरी आनेत. केळीत पुरत असतीन."

रजनीनं मान हलवली. एवढ्या वर्षांची तिची चूल खोटी ठरली, तरी आगीच्या जागी माती आली, एवढाच फरक.

सकाळी ती म्हणाली, चला आबा, शेत बघून येऊ. अण्णांचा सालदार सुपडू, साठीचा गडी, बारकं अंग. तो त्याच्या लुनावर मला मागं घेऊन निघाला, रजनी चालत, खोकं काखेत. केळीच्या आत ऊन येत नाही, ओलसर हिरवा काळोख असतो. बागेच्या कडेला पाण्याच्या मोटारीची खोली. तिच्या मागं कडूनिंब, आणि निंबाखाली त्यांचा जुना म्हसोबा, शेंदराचा दगड. बागेपाशी लुना लावून आम्ही चालायला लागलो, रजनी पुढं होती. ती एकदम थांबली.

म्हसोबाच्या शेजारी ओळ होती. तिच्या बाहुल्यांची. सगळ्यांना शेंदूर. पहिलीवर इतका चढलेला की नुसता गोळा, खांदे सुद्धा कळत नव्हते. पुढं पुढं पातळ होत गेलेला. शेवटचीवर एकच हात फिरलेला, डोळे उघडे, एक हात कमरेवर. पदर डावीकडं.

मी निंबाला धरलं.

सुपडू चप्पल काढून उभा. म्हणाला, "अण्णा दर आखाजीले एक बसवे. मी इचारलं, हे कोनता देव वो? तर म्हने, देव नाही रे, लेक आली."

सुपडू पुढं म्हणाला, "घरून सांजोऱ्या आने. आधी यायले दाखवे, मंग सोता खाये. मले म्हने, घरी सांगू नको."

मला वाटलं होतं, रजनी रडेल. ती खाली बसली, पहिल्या गोळ्यावर नख ठेवलं, खरवडणार म्हणून. ठेवूनच राहिली. मग माझ्याकडं वळली, आणि असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"फोन होता ना आबा त्यांच्याकडं! घरबसल्या मोटार चालू करायला फोन होता! ह्यांना जेवायला घातलं. ह्यांना! मी काय ह्यांच्यापेक्षा वाईट होते?"

मी तिच्याजवळ जाऊन खाली बसलो.

ऊन वर आलं. तिनं नख काढलं. शेंदूर लागलेलं बोट बघत राहिली. मग हळू म्हणाली, "अण्णांचा हात चांगला होता. मी एवढी वर्षं घासून घासून जे नाकतोंड घालवते, ते त्यांनी नुसतं लावून लावून घालवलं."

मी म्हटलं, "चल, घरी चल. धुळ्याला."

"तुम्ही व्हा पुढं. गाडी चुकेल."

खोकं तिनं माझ्या हातात दिलं. वर अण्णांचं नाव तसंच. "हे तुमच्याकडं राहू द्या."

तिची ट्रंक पुढं भावानं टेम्पोनं नेली. माती नेली नाही, पोती वरच आहेत, कडक झाली असतील. ती तिथंच राहते, मोटारीच्या खोलीत. बाहुल्या करत नाही म्हणतात. मी फोन करतो, कधी लागतो. "जेवलात का आबा?" एवढं विचारते. माझे गुडघे आता एसटीच्या पायऱ्या चढत नाहीत. खोकं सुमनच्या फोटोखाली आहे. उघडलेलं नाही. त्यावर माझं नाव नाही.

निघालो त्या दिवशी सुपडूनं लुना चालू केली आणि मी मागं वळून बघितलं. निंबाखाली ती बाहुल्यांची ओळ, आणि ओळीच्या शेवटी, सुमनच्या शेजारी, रजनी मांडी घालून बसलेली. हात मोकळे, मांडीवर पडलेले. माझ्याकडं तिची पाठ होती. पाठ खोटं बोलत नाही म्हणायची, ती ही पाठ.

सुपडूनं विचारलं, "थांबू का आबा?"

मी म्हटलं, "नको. चल."